वीस-पंचवीस डॉलरच्या ब्लँकोला 'चव' असते का?

ऑस्टिनचा_तात्या

सिंगल_माल्टी यांनी परवा लिहिलं: "स्वस्त पांढऱ्या टकीलाची चव बघत बसणं म्हणजे एसटी स्टँडवरच्या चहाचं रसग्रहण. मीठ, लिंबू, डोळे मिटून गिळा आणि विसरा. टकीलाच प्यायची तर आन्येहो घ्या." दोन दिवस गप्प होतो. आज शनिवार, राहवत नाही.

आन्येहो म्हणजे किमान वर्षभर ओकच्या पिंपात. त्या वर्षात तिच्यात शिरतं ते लाकूड: व्हॅनिला, कॅरॅमल, थोडा धूर. तुम्ही व्हिस्कीवाले, टकीलात व्हिस्की सापडली की खूश. ब्लँको, म्हणजे ही पांढरी टकीला, बहुतेक वेळा पिंपात जातच नाही, गेली तरी दोन महिन्यांच्या आत बाहेर. त्यामुळे तिला लपायला जागा नाही. अगेव्हचा (ज्यापासून टकीला होते त्या काटेरी झाडाचा) गड्डा कोवळा काढला, घाईत शिजवला, गाळताना पहिली-शेवटची धार नीट वेगळी केली नाही, सगळं उघडं. मसालेभातात जुना तांदूळ खपून जातो, साध्या वरणभातात नाही.

माझ्यासमोर आहे आल्तोस प्लाता (प्लाता म्हणजे चंदेरी, ब्लँकोचंच दुसरं नाव). मेक्सिकोतल्या हालिस्कोच्या वरच्या पठारावरच्या अरांदासची, शंभर टक्के अगेव्ह, इथे ऑस्टिनला पंचवीस डॉलरच्या आसपास. गड्डे विटांच्या भट्टीत शिजवतात आणि काही भाग ताहोनाखाली चिरडतात. ताहोना म्हणजे गोल चरात फिरणारं दगडी चाक, आपला चुन्याचा घाणा डोळ्यासमोर आणा. अरुंद तोंडाच्या ग्लासात ओतून दहा मिनिटं ठेवली. फ्रीज नाही, बर्फ नाही. आधी लिंबाच्या सालीचा झणका, मग भाजलेलं रताळं, त्यामागे ओल्या गवताचा वास. गिळल्यावर जिभेच्या कडांवर मिरी. दोषही सांगतो: मधल्या घोटाला पातळ पडते आणि चव फार टिकत नाही. दहापैकी सात. ह्या पैशांत ह्या दर्जाची सिंगल माल्ट दाखवा, मग बोला.

सिंगल_माल्टी

रताळं! मग एकादशीला चालेल म्हणायची.

तात्या, तुम्हाला पाहिजे ते वास येणारच, दहा मिनिटं ग्लासात नाक घालून बसलात तर मला रॉकेलमध्येसुद्धा मोगरा सापडेल. पुण्यात मित्राच्या लग्नाच्या आदल्या रात्री अशाच एका 'परवडणाऱ्या' चंदेरी बाटलीचे सहा शॉट मारले होते. मंगलाष्टकांत मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो, अक्षता नवऱ्याऐवजी भटजींवर. त्या दारूत मिरी होती की लवंग, हे बघायची शुद्ध कुणाला होती?

डोंबिवलीचा_केमिस्ट

माल्टीशेठ, बाटलीवर 'शंभर टक्के अगेव्ह' होतं का? नसेल तर ती मिक्स्टो. नियमाप्रमाणे निदान ५१ टक्के साखर अगेव्हची, उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत उसाची किंवा दुसरी कसलीही. उसाची मळी पिऊन अगेव्हला शिव्या घालताय. (सहा शॉटनंतर डोकं कशानेही धरतं, ते सोडा.) साधी ऑल्मेका आणि तात्यांची आल्तोस हा घोळ तर प्रत्येक पार्टीत होतो. दोन्ही एकाच घरच्या, पण पहिली मिक्स्टो आहे.

आणि तुमच्या लाडक्या आन्येहोबद्दल. कॅरॅमल रंग, ग्लिसरीन, ओकचा अर्क, सिरप हे एकूण एक टक्क्याच्या आत असेल तर लेबलवर सांगायची सक्ती नाही. ब्लँकोत मात्र नियमाने पाण्याशिवाय काही घालायचं नाही. तो सोनेरी रंग लाकडाचाच, हे कशावरून?

तात्या, तुम्हीही फार उडू नका. पिंप नाही म्हणजे लबाडी नाही, हे कुठलं गणित? डिफ्यूझरवाले कच्चाच गड्डा चिरून गरम पाण्यानं साखर धुऊन काढतात आणि शिजवायचं ते नंतर रस शिजवतात. त्या ब्लँकोतही लाकूड नसतं, आणि तुमचं रताळंही नसतं. वोडकाला टकीलाची टोपी.

ऑस्टिनचा_तात्या

डिफ्यूझरचं मान्य. पण मग माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? रताळं नाही हे ब्लँकोतच पकडता येतं. आन्येहोत व्हॅनिलाखाली पुरलं असतं.

डोंबिवलीचा_केमिस्ट

बरं. अर्धा मार्क.

पाहुणी_ग्वादालाहारा

नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं इथे, मेक्सिकोत ग्वादालाहाराला आहे. शेजारचे ऐंशीचे आजोबा दुपारच्या जेवणाआधी एक ब्लँको घेतात, शेजारी संत्र्याची तिखट सांग्रिता. एक घोट हिचा, एक तिचा, पाऊण तास. मीठ-लिंबाचा शॉट फक्त पर्यटकांच्या टेबलावर दिसतो. त्यांना विचारलं, ही चांगली का? म्हणाले, घशात ओरडत नाही म्हणून. झालं परीक्षण.

आणखी एक. इथे बऱ्याच बाटल्या ३५ किंवा ३८ टक्क्यांच्या असतात, त्याच नावाच्या अमेरिकेत ४०. तेव्हा तात्यांच्या सात गुणांशी माझे गुण जुळतीलच असं नाही.

'परवडणारी' हा शब्द मात्र शेतकऱ्याला विचारून वापरा. अगेव्हला तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. काही वर्षांपूर्वी किलोला पंचवीस-तीस पेसो मिळत होते, जो तो लावत सुटला. ते पीक तयार होईपर्यंत भाव एक आकड्यावर आला. बाटलीची किंमत उतरली? माझं माहेर निफाडचं. कांद्यात आयुष्य गेलेल्या बापाच्या मुलीला हे कुणी समजावून सांगायला नको.

बोंडूवाला

ताई, लाख बोललात. आता माझं ऐका. आमच्या बांधावर घायपात उभी आहे, आज्याच्या काळात दोर वळायचे, आता गुरांना कुंपण. तोच अगेव्हचा खानदान. आंध्रात त्याच्यापासून दारू काढून २०११ मध्ये डेसमंडजी नावानं गोव्यात विकायला आणली, पण टकीला म्हणायची सोय नाही, कारण ते नाव मेक्सिकोचं. ठीक आहे. पण माझ्या घरचा अन्याय ऐका. मी दोडामार्गचा. काजूच्या हंगामात बोंडांचा सडा पडतो, माशा घोंघावतात, अर्धी कुजतात. उरलेली टेम्पोत भरून गोव्यात जातात आणि तिथे फेणी होतात. तोच काजू, तोच पाऊस, तीच तांबडी माती. मध्ये फक्त नाका. आम्ही घरी गाळली तर गावठी, पोलीस केस!

पणजीकार

आलं का! टकीलाच्या धाग्यात फेणी ओढल्याशिवाय सिंधुदुर्गवाल्यांचं जेवण पचत नाही. २००९ पासून काजूफेणीला जीआय (भौगोलिक नावाचा हक्क) आहे. पिढ्यान्‌पिढ्या बोंडू तुडवून, भाटीवर गाळून आमच्या लोकांनी ती टिकवली. मुंबईचे लोक नाक धरत होते तेव्हाही आम्हीच पीत होतो. आता जगाला आवडायला लागल्यावर वाटेकरी?

बोंडूवाला

काजू काय मांडवीत उगवला होता? पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. झाड पाहुणं, नाव तेवढं तुमच्या बापाचं?

पणजीकार

बाप काढू नका. आमच्या बापसानं स्वतः भाटी चालवली आहे. उर्राक, म्हणजे पहिलं गाळप, कधी थांबवायचं ते थर्मामीटर न लावता वासावर सांगायचा. तुमच्याकडे ते हात आहेत का? नुसती बोंडं आहेत.

सिंगल_माल्टी

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डोंबिवलीचा_केमिस्ट

रेषा कुणी आखली यावर सगळं असतं हो. टकीलाला १९७४ मध्ये नाव राखून मिळालं. १९७७ मध्ये दूर ईशान्येकडच्या तामाउलिपासचे काही तालुके त्यात घेतले, कारण तिथे अगेव्ह लावून बसलेल्यांनी जोर लावला. हालिस्कोहून शेकडो किलोमीटर लांब! तामाउलिपास चालतं, तर दोडामार्ग का नाही?

पणजीकार

कारण तिथे त्यांनी आधी झाडं लावली, कारखाना उभा केला, मग भांडले. ह्यांनी आधी भांडण लावलंय.

बोंडूवाला

हे मात्र खरं बोललास मेल्या. आमच्याकडे कमिट्या झाल्या, भाटी नाही झाली.

ऑस्टिनचा_तात्या

मंडळी, मी ब्लँकोबद्दल विचारलं होतं.

पाहुणी_ग्वादालाहारा

तात्या, फेणीही पिंपात न जाता प्यायची दारू आहे. त्यांचा मुद्दा तुमचाच आहे, फक्त वास वेगळा.

सिंगल_माल्टी

बरं, ऐका. काल बायकोचा भाऊ अमेरिकेहून आला, ड्यूटी-फ्रीमधून तीच आल्तोस आणायला सांगितली होती. तात्यांची फजिती करायची म्हणून. बायकोला तीन ग्लास भरायला लावले, मला न सांगता: ही, घरातली चंदेरी मिक्स्टो आणि वोडका. वोडका लगेच ओळखली. उरलेल्या दोनपैकी एकीला जळक्या साखरेचा आणि स्पिरिटचा वास, दुसरीत मिरी. हो, मिरी. रताळं मला आलं नाही, येणारही नाही. सहा देतो, सात नाही. मधल्या घोटाला पाणी जास्त आहे हे तात्यांनी स्वतःच कबूल केलंय, म्हणून एक कापला.

आन्येहोच चांगली.

ऑस्टिनचा_तात्या

सहा पुरे. मिक्स्टो कुठली होती?

सिंगल_माल्टी

लग्नाच्या आदल्या रात्रीवालीच. इतकी वर्षं कपाटात पडून होती, कुणी संपवेना.

बोंडूवाला

पणजीकार, मे महिन्यात माझ्याकडे चुलत्याच्या घरची एक बाटली असते. नाव नाही, लेबल नाही, काजूचीच. डोळे बांधून तुमच्या बापसाच्या फेणीशेजारी ठेवू?

पणजीकार

तुम्हीच इकडे या. पत्रादेवीच्या नाक्यावर माझी बाटली पकडली तर परवाना कोण दाखवणार, तुम्ही?