मदत हवी आहे: माण तालुक्यात चोपलेल्या मातीच्या भिंतींचे घर स्वतः बांधायचे आहे

माळरान
म्हसवडजवळ शेतात ३० × २० फुटांचे तळमजल्याचे घर बांधायचे आहे. भिंती रॅम्ड अर्थच्या, म्हणजे साच्यात माती चोपून उभ्या केलेल्या. घरची चार माणसे आणि एक गवंडी. सध्याचा आराखडा असा: भिंत १४ इंच जाड, ९ फूट उंच. मधोमध एक आडवी भिंत. दर्शनी कोपऱ्यालगत ६ फुटी खिडकी. वर जुन्या पद्धतीचे माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे सपाट छप्पर. विहिरीच्या खोदाईची काळी माती आणि मुरूम दोन्ही पडून आहेत. पाणी बोअरचे, जरा मचूळ. फेब्रुवारीअखेर सुरू करून पावसाळ्याआधी संपवायचा विचार आहे.
माती कोणती घ्यावी, सिमेंट किती, आणि आराखड्यात काही चुकते आहे का?

ओळंबा
मातीआधी आराखडा बदला. मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी आयएस १३८२७ : १९९३ हे भारतीय मानक आहे. दोन आडव्या आधारांमधली (काटकोनात जोडलेल्या भिंती किंवा पुस्ते यांमधली) भिंतीची लांबी जाडीच्या दहापटीहून जास्त नको, शिवाय ती ६४ × जाडीचा वर्ग ÷ उंची यापेक्षाही जास्त नको. १४ इंची, ९ फूट उंच भिंतीला या दुसऱ्या अटीने जेमतेम पावणेदहा फूट मिळतात. तुमच्या ३० फुटी भिंतीला एकच आधार आहे, म्हणजे १५ फुटांचे दोन मोकळे भाग. हे बसत नाही.

जाडी १८ इंच करा, मग १५ फूट चालतात. बाजूच्या २० फुटी भिंतींना मध्यावर पुस्ता (भिंतीला टेकू देणारा जाड खांब) द्या, दीड फूट पुढे आलेला आणि भिंतीसोबतच चोपलेला. मागाहून जोडलेला पुस्ता भिंतीला धरून ठेवत नाही. आतल्या २० फुटी भिंतीलाही दाराशेजारी एक आखूड आडवी भिंत हवी.

कोपऱ्याची खिडकी सोडून द्या. उघडी जागा ४ फुटांहून रुंद नको आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून किमान ४ फूट लांब हवी. लिंटेलच्या (दारे-खिडक्यांवरच्या तुळईच्या) पातळीवर आणि भिंतीच्या डोक्यावर सलग आरसीसी पट्टा फिरवा. कोयना आपल्याच जिल्ह्यात आहे, १९६७ चा भूकंप विसरून चालणार नाही.

पागोळी
माळवद नकोच. एक फूट जाडीचे माळवद घनमीटरला १.६ टन धरले तरी ६०० चौरस फुटांवर २७ टन होते. किल्लारीला १९९३ च्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची अशीच जड छपरे माणसांवर कोसळली. लोखंडी कैच्यांवर मंगलोरी कौले घाला आणि चारी बाजूंनी दोन ते अडीच फूट पागोळी बाहेर काढा.

पाऊस कमी आहे म्हणून गाफील राहू नका. परतीचा पाऊस वाऱ्यासकट तिरपा येतो आणि जमिनीवरून उडणारे शिंतोडे भिंतीचा पायथा खातात. जोते दगडाचे, जमिनीपासून दोन फूट वर, आणि त्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर. पाया काळी माती पूर्ण काढून मुरमावर टेकवा.

धुम्मस
काळी माती भिंतीत वापरू नका. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. मुरूम चाळून घ्या, अर्ध्या इंचावरचे खडे बाजूला काढा. मग बाटलीचा एक तृतीयांश भाग मुरमाने भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा, रात्रभर ठेवा. खाली वाळू-खडी सत्तर टक्क्यांच्या आसपास आणि वर चिकणमाती दहा ते वीस टक्के दिसायला हवी. चिकणमाती फारच कमी निघाली तरच काळी माती वाळवून, कुटून, थोडी मिसळा आणि चाचणी पुन्हा करा.

दुसरी चाचणी सिमेंटसाठी. ६० × ४ × ४ सेंमीची लाकडी पेटी आतून तेल लावून ओल्या मातीने भरा, सावलीत आठवडाभर वाळू द्या. माती लांबीत १५ मिमीपर्यंत आटली तर सिमेंट १ : १८ (एक भाग सिमेंट, अठरा भाग माती), तीस मिमीपर्यंत १ : १६. त्याहून जास्त आटली तर सिमेंट वाढवत बसू नका, भरड मुरूम किंवा क्रशर डस्ट मिसळा.

पाण्याचा अंदाज मुठीने. मातीचा गोळा करून छातीच्या उंचीवरून कडक जागेवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी. चपटा होऊन बसला तर जास्त ओली, अशी माती धुम्मसाखाली (चोपायच्या वजनदार ठोकणीखाली) नुसती डुचमळते. पाणी झारीने शिंपडा, पाइप सोडू नका.

मचूळ पाणी टाळा. कोरड्या हवेत पाणी भिंतीतून झपाट्याने उडते, क्षार पृष्ठभागावर राहतात, लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात.

फेब्रुवारीऐवजी नोव्हेंबरला सुरू करा. एप्रिलच्या उन्हात कालवलेली माती साच्यात जाईपर्यंत कोरडी पडते, आणि मे महिन्यात वळीव उघड्या भिंतींवर येतो.

माळरान
१८ इंच आणि कौले नक्की केली. काम दिवाळीनंतर. आता माल किती आणि साचा कसा, हे सांगा. वायरिंगचे काय करायचे?

धुम्मस
दारे-खिडक्या वजा करून चोपलेली माती सुमारे १३.५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते. चोपल्यावर माती बरीच बसते, म्हणून सैल २२ ब्रास लागेल. नासधूस धरून २४ आणा. १ : १६ प्रमाणाने सिमेंट ११० पोती.

एका वेळी अर्धे पोते कालवा. सव्वा घनफुटाच्या पेटीने आठ पेट्या माती त्याला पुरते. १८ इंची भिंतीत १२ फूट लांबीचा एक थर त्यात होतो. सहा इंच सैल पसरून चार इंचांवर आणायचा. कालवलेला माल तासाभरात संपवा. उरलेला पाणी मारून पुन्हा वापरलात तर तो थर कायमचा कच्चा राहतो.

धुम्मस सहा-सात किलोचा, सपाट लोखंडी तळाचा. आधी कडा आणि कोपरे, मग मध्य. आवाज बद्द असतो तोवर चोपा, टणक झाला की पुढचा थर.

ओळंबा
साच्याला १८ मिमी प्लाय, मागे दीड-दीड फुटावर आडवे चौकोनी लोखंडी पाइप, आणि पीव्हीसी नळीतून आरपार १६ मिमीचे बोल्ट, दोन ते अडीच फुटांवर. यात काटकसर केली तर भिंतीला पोट येते आणि ते नंतर काढता येत नाही. दर तीन थरांनी ओळंबा लावा. कोपऱ्यात आतून तिरकी पट्टी ठोका, नाहीतर साचा काढताना धार तुटते. साचा त्याच दिवशी निघतो. त्यानंतर गोणपाट गुंडाळून दोन आठवडे ओले ठेवा, आपल्या हवेत त्याहून कमी नको.

वायरिंगची नळी चोपण्याआधी उभीच ठेवा, भिंतीच्या मध्यात. आडवी नळी थर तोडते. बोर्डाच्या जागी निमुळता, तेल लावलेला लाकडी ठोकळा बसवा आणि साचा निघाल्यावर लगेच काढा. नळाचे पाइप भिंतीत घालूच नका. गळती लागली तर ती बाहेर दिसेपर्यंत आतली माती वाहून गेलेली असते.