जिप्सम बोर्डच्या भिंतीवर रेडिएटर बसवताना आधार कशात घ्यावा?

प्रश्न

गरम पाण्यावर चालणारा पोलादी रेडिएटर खिडकीखाली बसवायचा आहे. तो दुहेरी पॅनेलचा, ६०० मिमी उंच आणि १००० मिमी लांब आहे. भिंत आतून पोकळ असून तिच्यावर १२.५ मिमी जाडीचा जिप्सम बोर्ड आहे. बोर्डामागचे उभे लाकडी दांडे ६०० मिमी अंतरावर आहेत आणि रेडिएटरचे ब्रॅकेट त्यांच्यावर नेमके येत नाहीत. पोकळ भिंतीसाठी मिळणारे, मागे पसरणारे प्लग वापरून ब्रॅकेट थेट बोर्डावर बसवले तर चालेल का? पाकिटावर दिलेली भारक्षमता रेडिएटरच्या वजनापेक्षा जास्त आहे.

प्रतिसाद १

कृपया तसे करू नका. या मापाचा रेडिएटर रिकामा असतानाच सुमारे ३० किलोचा असतो आणि त्यात काही लिटर पाणी भरले की दर लिटरमागे एक किलो वजन वाढते. मात्र खरी अडचण वजनापेक्षा त्याच्या दिशेची आहे. रेडिएटर भिंतीपासून पुढे उभा राहत असल्यामुळे त्याचा भार खाली खेचतो, शिवाय ब्रॅकेटचा वरचा स्क्रू भिंतीतून बाहेरही ओढतो. त्यावर कोणी हात टेकवला किंवा लहान मूल चढले, तर ही ओढ कितीतरी वाढते. पाकिटावरचा आकडा कोणत्या दिशेच्या ओढीसाठी आणि केवढ्या जाडीच्या बोर्डासाठी दिला आहे, हे आधी वाचावे.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे रेडिएटरमागचा बोर्ड एका दांड्याच्या मध्यापासून दुसऱ्या दांड्याच्या मध्यापर्यंत कापून काढणे, ब्रॅकेटच्या स्क्रूंच्या उंचीवर दोन दांड्यांमध्ये आडव्या लाकडी पट्ट्या घट्ट बसवणे आणि वरून पुन्हा बोर्ड लावणे. तोडफोड नको असेल तर १८ मिमी प्लायवुडचा तुकडा बोर्डावरूनच दांड्यांमध्ये स्क्रूने आवळता येतो आणि रंगवल्यावर तो रेडिएटरमागे झाकलाही जातो. मात्र त्यामुळे रेडिएटर तेवढाच पुढे येतो, म्हणून नळ्यांची जागा ठरवण्यापूर्वीच हा निर्णय घ्यावा.

प्रतिसाद २

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. आखणीबद्दल थोडी भर घालतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. ब्रॅकेटची उंची जमिनीवरून अंदाजाने ठरवू नये. रेडिएटर पालथा ठेवून मागच्या कड्यांपासून त्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात जमिनीपासून सोडायची जागा मिळवावी. खाली १०० ते १५० मिमी मोकळी जागा असली की थंड हवा आत शिरते आणि झाडताही येते. वर खिडकीच्या फळीखालीही हवा बाहेर पडण्याइतके अंतर हवे. भोके पाडण्यापूर्वी भिंतीत वीजतारा किंवा नळ्या नाहीत, याची शोधयंत्राने खात्री करून घ्यावी.

ब्रॅकेटसोबत येणारे प्लास्टिकचे तुकडे निरुपयोगी समजून टाकू नयेत. एक मीटर पोलाद ५० अंशांनी तापले की सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते, आणि धातूवर धातू सरकला की टकटक आवाज येतो.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. आडव्या पट्ट्यांचाच मार्ग घेतो. शेजारच्या खोलीत विटांची, गिलावा केलेली भिंत आहे. तिथे साधे प्लग पुरतील का?

प्रतिसाद १

भरीव वीट असेल तर पुरतील. फक्त प्लग गिलाव्यात अडकून न राहता पूर्णपणे विटेत गेला पाहिजे, म्हणून स्क्रूची लांबी ठरवताना गिलाव्याची जाडी पकडीत मोजू नये. भोक दोन विटांमधल्या सांध्यात येत असेल तर ब्रॅकेट थोडा सरकवून घ्यावा. वीट पोकळ असेल तर ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा, नाहीतर आतले पातळ पडदे फुटतात. तिथे पोकळ विटेसाठीचेच प्लग लागतील.

प्रतिसाद २

दोन्ही ठिकाणी व्हॉल्व्हचे जोड टेफ्लॉन टेप गुंडाळून रेडिएटर टांगण्यापूर्वीच बसवा, कारण नंतर पान्हा फिरवायला जागा उरत नाही. पाणी भरताना वरच्या कोपऱ्यातील हवा सोडा, आणि बंद दाबाची यंत्रणा असेल तर त्यानंतर उतरलेला दाब पुन्हा भरून घ्या. यंत्रणा एकदा पूर्ण तापवून थंड झाल्यावर प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून पाहा. बारीक गळती डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर उमटते.