पहिलं विमान, आईने साडी नेसावी की ट्रॅकपँट?

आई पुढच्या महिन्यात पहिल्यांदा विमानात बसतेय, इंदूरहून पुण्याला, तिने महेश्वरी इस्त्री करून ठेवलीये आणि दादा म्हणतो ट्रॅकपँट घाल, आजकाल कोण नटतं. काय करू?

– नेसू दे गं! एअरपोर्टला नावच देवी अहिल्याबाईंचं, तिथे महेश्वरी नाही तर काय नेसायचं! अंगाला हलकीही असते. फक्त पिना, बांगड्या कमी घाल, सिक्युरिटीत बीप वाजतं.

– ताई, चप्पल सैल द्या, बसून पाय सुजतात. शाल पण, एसी फार गार असतो.

– मी टीशर्टवरच जातो, पण आईंना अडवू नका. माझी आई खिडकीपाशी बसून सारखा पदर सावरत होती, अजून डोळ्यासमोर आहे.