पहिली-दुसरीला ‘शाळेतली माणसं’ कशी शिकवावीत?

पाटीपेन्सिल
जिल्हा परिषदेची शाळा, पहिली-दुसरी एकत्र, पट २८. तक्ता दाखवला की मुलं ‘मुख्याध्यापक, शिक्षक, स्वयंपाकी’ घडाघडा म्हणतात. पण एकाच्या कामावाचून दुसऱ्याचं कसं अडतं, ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अजून लिहिता न येणाऱ्या मुलांसोबत काय करता येईल?

रानजाई
ताई, तक्ता राहू द्या, खिचडी घ्या. पोषण आहाराच्या एका ताटामागे शाळेतली जवळजवळ सगळी माणसं येतात आणि ते मुलांना रोज दिसतं.

हजेरी घेताना प्रत्येक हजर मुलाने वाटीत एक चिंचोका टाकायचा. दोघांनी ती वाटी स्वयंपाकाच्या मावशींकडे न्यायची. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असते. २४ चिंचोके म्हणजे तुमच्या वर्गापुरते २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ. किलोचा हिशोब या वयात नको. काट्यावर १०० ग्रॅम तांदूळ तोलून एका वाटीत ओता, जिथवर येतील तिथे बाहेरून खूण करा. मग मुलं खुणेपर्यंत वाटी भरतील, ‘ही सोनूची, ही माझी’ म्हणत पातेल्यात ओततील. त्याच वेळी विचारा: आज हजेरीच झाली नसती तर मावशींनी किती वाट्या घेतल्या असत्या?

स्वयंपाकघरात सहाच्या वर मुलं एका वेळी नेऊ नका, तेही गॅस पेटायच्या आधी. मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्या ऐन घाईत असतात. प्रश्न दोनच पुरेत: हे काम करायला तुम्हाला कोणाकडून काय लागतं? तुमचं काम थांबलं तर कोण अडेल?

खडूफळा
यानंतर सुतळीचा खेळ घ्या. मध्ये रिकामं ताट, भोवती सात मुलं: हजेरी घेणारे, शिधा काढून देणारे, शिजवणारे, आधी चव घेणारे, हात धुवायला पाणी देणारे, वाढणारे, जेवणारे. दहा मीटर सुतळी पुरते. सुतळी पुढे देताना बोलायचंच, ‘मावशी, घ्या आकडा.’ मग एकाने टोक सोडायचं. ज्याची सुतळी सैल पडली त्याने आपलं काय अडलं ते सांगायचं. सगळ्या २८ जणांच्या हातात सुतळी दिलीत तर नुसती ओढाओढ होते. बाकीच्यांनी बसून बघावं, मग पाळी बदलावी.

मुलांना ओळीत मात्र उभं करू नका. मुख्याध्यापक पहिले आणि मावशी शेवटी, अशी मानाची रांग मुलं आपसूक लावतात आणि मूळ मुद्दाच हातचा जातो.

पाटीपेन्सिल
शाळा व्यवस्थापन समितीही यातच घ्यावी का? आणि उशिरा येणाऱ्यांचं काय?

रानजाई
समितीचं नाव या वर्गाला जड आहे. पण समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यातली एखादी आई आहाराच्या वेळी येत असेल तर तिला सुतळीच्या खेळात आठवी जागा द्या.

उशिरा येणाऱ्याने आपला चिंचोका स्वतः नेऊन मावशींना द्यायचा. तांदूळ वैरायच्या आधी पोचला तर त्याची वाटी वाढते. नंतर आला तर सगळ्यांच्या वाट्याचं थोडं थोडं कमी होतं, हे त्याला तिथेच दाखवा.

समजलं का ते तपासायला तक्त्यावरच्या एका माणसाचं चित्र झाकून विचारा, ‘आज हे आले नाहीत, काय होईल?’ ‘मावशी चांगल्या आहेत’ हे उत्तर आलं तर अजून सराव हवा. ‘भात कमी पडेल’ म्हणालं, तर त्या मुलाला कळलंय.