अनुभव सांगा : तुमची जागा कशी टिकली, किंवा का गेली?

चुडा_चार_डझन
परवा अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी चुकवत घरी येताना रस्त्याच्या कडेला विक्रेत्यांच्या जागांसाठी नव्याने मारलेले पांढरे पट्टे दिसले आणि मी तिथेच थबकले. माझी आई सव्वीस वर्षे मंदिराच्या परिसरात बांगड्यांची हातगाडी लावते. २०१४ चा पथविक्रेता कायदा आल्यानंतर आमच्या बाजूला विक्रेत्यांची मोजणी झाली, त्या दिवशी ती डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला होती आणि गाडीवर नववीतली मी एकटी होते. मोजणीला आलेल्या मुलाने मालक हजर नाही असे म्हणून पान उलटले. शेजारी पाटी घेऊन बसणाऱ्या फुलवाल्या मावशींनी हातातला गजरा अर्धवट सोडला, सुई पदराला टोचली आणि त्या थेट त्याच्या वहीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाई आजारी हाय, गाडी तिचीच हाय. लिवल्याबिगर फुडं जायाचं न्हाई." त्या एका ओळीवर आईला पुढे प्रमाणपत्र मिळाले आणि टाळेबंदीनंतर पीएम स्वनिधीचे दहा हजारांचे, ते फेडल्यावर वीस हजारांचे कर्जही मिळाले.
माणसांना राहत्या किंवा कमावत्या जागेवरून उठावे लागू नये म्हणून केलेल्या नियमांचा तुम्हाला उपयोग झाला असेल, अथवा मुळीच झाला नसेल, तर कृपया लिहा.

पाणी_आलं_का
राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, परंतु सुतारवाड्यात आमच्या ट्रंका त्याआधीच माळ्यावर चढलेल्या असतात. पाणी वाढले की आम्हाला चित्रदुर्ग मठात हलवतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तिथल्या सतरंजीवरच माझ्या मुलीने अभ्यास केला. त्या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पाणी उतरले की कोणीतरी हमखास विचारते, की तुम्ही कायमचेच दुसरीकडे का जात नाही. मी चार घरची धुणीभांडी करते आणि चारही घरे पायी दहा मिनिटांवर आहेत. शहराबाहेर पक्के घर मिळाले, तर पाण्यापासून सुटका होईल, परंतु पहिल्या बसने येऊन साडेसहाला कोणाच्या दारात उभी राहू, याचे उत्तर त्या घराबरोबर मिळत नाही.

तव्यावरची
पाणी_आलं_का ताई, तुमचे वाचता वाचता माझी भाकरी करपली. आमचेही पुराचेच आहे. रात्री सवडीने लिहीन.

भाडेपावती
वडील भाड्याच्या दुकानात सायकली दुरुस्त करीत. मालक वारले, त्यांच्या मुलाने भाडे घेणेच बंद केले आणि वर्षभराने थकबाकीचे कारण दाखवून जागा रिकामी करून मागितली. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, तथापि त्यांनी पहिल्याच महिन्यापासून भाड्याची मनीऑर्डर करायला सुरुवात केली होती. प्रत्येक मनीऑर्डर "घेण्यास नकार" असा पोस्टमनच्या हातचा शेरा घेऊन परत येई आणि वडील ती पावती सायकलच्या स्पोकमध्ये ओवून ठेवीत. वकिलांनी तो स्पोक तसाच्या तसा कोर्टात नेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि भाडे देण्याची तयारी असलेल्या भाडेकरूला त्यात संरक्षण आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. दुकान टिकले. ग्रीस लागून अक्षरे पुसट झालेल्या त्या पावत्या अजूनही स्पोकवरच आहेत.

जुना_वाडा
मी मालकांच्या बाजूने लिहितो आहे, तेव्हा कृपया सांभाळून घ्यावे. आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांचे भाडे महिना पंचेचाळीस रुपये होते, पावसाळ्यात मागची भिंत ओली राही आणि भाड्याच्या कितीतरी पट घरफाळा आम्ही भरत होतो. वर्षाला चार टक्के वाढ कायद्याने घेता येते, परंतु पंचेचाळीसचे चार टक्के म्हणजे दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. अशा वेळी वाडा पडण्याची वाट पाहण्याचा मोह मालकाला होतो, आणि मलाही झाला होता. शेवटी पाडून बांधायचे ठरवले तेव्हा भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याचे लेखी करार केले. खालच्या मजल्यावरच्या शिंपीमामांची एकच अट होती : दुकान रस्त्याच्या तोंडालाच हवे. बांधकामाच्या दोन वर्षांत त्यांचे मशीन आमच्या भाड्याच्या घराच्या व्हरांड्यात होते आणि त्यांची गिऱ्हाइके आमच्या हिला ब्लाऊजची मापे सांगून जात.

भाडेपावती
जुना_वाडा साहेब, असे मालक सगळ्यांना लाभोत. त्या दोन वर्षांत वहिनींना शिवणकाम आले की नाही?

जुना_वाडा
शिवणकाम आले नाही, परंतु अख्ख्या पेठेची मापे आजही पाठ आहेत.

अंगठा_आणि_पट्टा
शिंपीमामांची अट अगदी योग्य होती. आम्ही कोल्हापुरी चपला विकतो. रस्ता मोकळा करताना आम्हाला एका नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर गाळा मिळाला. गाळा स्वच्छ होता, शटर होते, पंखा होता. फक्त गिऱ्हाईक जिना चढत नव्हते. चप्पल घेणारा माणूस चालता चालता थांबतो, एक पाय घालून पाहतो, भाव ऐकून चार पावले पुढे जातो आणि परत येतो. जिन्याने तो परत येत नाही. आठ महिन्यांनी आम्ही गाळा बंद करून पुन्हा खाली एका ओळखीच्या पायरीवर पथारी टाकली. कागदावर आमचे पुनर्वसन झालेलेच आहे, त्यामुळे आता तक्रार करण्याचीही सोय उरलेली नाही. २०१९ मध्ये आमच्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान आहेच, परंतु मानांकनाने पायरी मिळत नाही.

भाऊसिंगजी_रोड
या गावाला हा प्रश्न नवीन नाही. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. शाहू महाराज आपली गाडी मुद्दाम त्या दारात थांबवून चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. मला त्यातली एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटते : दुकान काढायला मदत करून महाराज थांबले नाहीत, ते स्वतः गिऱ्हाईक झाले. चप्पलवाल्या दादांच्या वरच्या मजल्यावर कोण गेले होते?

धुक्यातला_पूल
मी मूळची शाहूपुरीची असून सध्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये राहते. दुकानांची भाडी आवाक्याबाहेर गेल्यावर या शहराने २०१५ मध्ये जुन्या व्यवसायांची एक नोंदवही सुरू केली. साधारणपणे तीस वर्षे वा अधिक काळ चाललेल्या आणि आपल्या भागाच्या ओळखीत भर घालणाऱ्या दुकानांची तीत नोंद होते. अशा दुकानाला किमान दहा वर्षांचा करार करून देणाऱ्या जागामालकाला अनुदान देण्याचीही सोय त्यांनी केली, म्हणजे जुना_वाडा काकांसारख्या मालकावर सगळा भार पडत नाही. तरीही दुकाने बंद पडतातच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्याकडे असे काही आहे का?

कलम_कारकून
आपल्याकडे आहे, फक्त ते कोणी वाचत नाही. पथविक्रेता कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे, की पन्नास वर्षांहून अधिक काळ भरणारा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. याखेरीज मोजणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला उठवता येत नाही. जागा बदलायचीच झाली, तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. दर पाच वर्षांनी किमान एकदा मोजणी व्हायला हवी. मात्र हे सगळे त्या यादीपासून सुरू होते. चुडा_चार_डझन ताईंच्या मावशींना हे कलम माहीत नसावे, पण नेमका कुठे हात ठेवायचा हे त्यांना ठाऊक होते.

पाणी_आलं_का
त्या फुलवाल्या मावशी आता कुठे बसतात?

चुडा_चार_डझन
हे लिहावे की नाही, या विचारात होते. मावशी आईचे नाव लिहवून घेत उभ्या होत्या, तेवढ्यात दुसऱ्या माणसाने पलीकडची रांग मोजून संपवली, आणि राखणीला कोणी नसलेली फुलांची पाटी त्याने मोजलीच नाही. यादीत मावशींचे नाव आले नाही. स्वनिधीच्या वेळी शिफारसपत्रावर त्यांना पहिले कर्ज मिळाले, पण पट्टा मिळाला नाही. तेव्हापासून त्या आईच्याच पट्ट्यात डाव्या कोपऱ्यात बसतात आणि नवरात्रात आई गाडी हातभर उजवीकडे सरकवते, म्हणजे पाटीला सावली मिळते.
नव्या पट्ट्यांबरोबर पुन्हा मोजणी होणार असे बाजारात बोलले जाते. म्हणून आई आज सकाळी दोघींची आधारकार्डे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, डबा न घेताच गेली आहे. मी आता तो डबा द्यायला निघाले आहे.