शब्द सुचवा : डिमायलिनेशन आणि ॲक्सोनल लॉस

मृदुला : काकांच्या रिपोर्टात सीआयडीपी, म्हणजे नसांचा दीर्घकाळ चालणारा एक आजार, असं निदान आहे आणि खाली हे दोन शब्द. घरात दोन्हींना 'नस खराब झाली' म्हणतात. आजीला कळेल असं काही सुचवा ना. शेजारी विचारतात, २०२५ मध्ये पुण्यात साथ आली होती तेच का हे?

श्रीरंग : ती जीबीएसची, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमची; तोही नसांचाच आजार. त्यात अशक्तपणा ४ आठवड्यांच्या आत टोकाला पोचतो. सीआयडीपीत ८ आठवडे उलटले तरी वाढत राहतो, किंवा उलटून येतो. डिमायलिनेशन म्हणजे तंतूवरचं मायलिन नावाचं आवरण जाणं, त्याला 'विमायलिनीकरण' म्हणता येईल. ॲक्सॉन म्हणजे आतला संदेश नेणारा 'अक्षतंतू'; ॲक्सोनल लॉसमध्ये तोच जातो.

बापूराव : आजींपुढे 'विमायलिनीकरण' म्हणून बघाच एकदा! आणि 'नस' टाळा. सलाईन लावायला सापडत नाही तीही नसच. इम्युनोग्लोब्युलिन हे औषध नसेतून द्यायचं आणि आजारही नसेचा, म्हटल्यावर घोळ होणार. 'मज्जातंतू' बरा.

मानसी : मी फिजिओथेरपिस्ट. 'वायरचं प्लास्टिक निघालं' असं सगळे सांगतात, मला ते अपुरं वाटतं. मायलिन सलग नसतं. मधेमधे बारीक फटी असतात आणि संदेश एका फटीतून पुढच्या फटीत उड्या मारत जातो. प्रतिकारशक्तीनेच मायलिन सोलून काढलं की उडी चुकते. संदेश रेंगाळतो किंवा अडतो. शिवाय प्लास्टिक परत येत नाही, मायलिन येतं. श्वान पेशी ते नव्याने गुंडाळतात.

मृदुला : श्वान?

मानसी : कुत्रा नव्हे हो, थिओडोर श्वान, जर्मन शास्त्रज्ञ! नवं आवरण पातळ असतं, त्याचे तुकडेही आखूड. म्हणून ताकद आली तरी मज्जातंतूंच्या तपासणीत संदेशाचा वेग कमीच दिसू शकतो, घाबरू नका. अक्षतंतूचं मात्र अवघड. तो वाढला तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंत हिशोब घाला. स्नायू तेवढा थांबत नाही, म्हणून तर उपचार लवकर हवेत.

बापूराव : मग 'आवरण गेलं' आणि 'तंतू तुटला'. भरून आलं की 'आवरण धरलं'. खपली धरते, साय धरते, तसंच क्रियापद.

मानसी : 'धरलं' झकास. 'तुटला' नको, अपघात वाटतो. 'काही तंतू गेले' म्हणा. किती गेले याचा अंदाज न्यूरॉलॉजिस्ट वेगापेक्षा ॲम्प्लिट्यूडच्या, म्हणजे संदेशाच्या जोराच्या, आकड्यांवरून सांगतील.