नाईट ड्युटी, पेशीतलं घड्याळ आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर: संबंध मानायचा की नाही?

अबोली७८:
माझी ताई स्टाफ नर्स आहे, २१ वर्षं झाली, महिन्यातला एक आठवडा नाईट ठरलेलाच. रात्री अडीचला गार झालेली पोळीभाजी, सकाळी घरी आली की खिडकीला जुनी काळी चादर लावून झोपायचं आणि दारावरची बेल काढून ठेवायची. मागच्या पावसाळ्यात तिची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी) झाली, दोन पॉलिप म्हणजे अस्तरावरच्या छोट्या गाठी निघाल्या, रिपोर्ट साधा आला. पण हिस्टरी घेताना तंबाखू विचारला, मटण विचारलं, घरात कुणाला होतं का विचारलं, नाईट किती वर्षं केली हे एकानेही विचारलं नाही, आणि मला हेच खटकलंय.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत घड्याळ चालवणारे जीन्स असतात. क्लॉक आणि बीमॅल१ मिळून पर आणि क्राय हे जीन्स चालू करतात, त्यांची प्रोटीन्स साठली की तीच उलट येऊन क्लॉक-बीमॅलला दाबतात, असा साधारण २४ तासांचा फेरा. २०१७ चं नोबेल याच कामाला मिळालं. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे तिथे पेशी सारख्या विभागत असतात आणि कधी विभागायचं यात या घड्याळाचाही हात असतो. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अर्वाइन विद्यापीठातल्या सेल्मा मसरींच्या गटाने उंदरांवर दाखवलं की घड्याळ बिघडवलं, मग ते जीन काढून असो की प्रकाशाच्या वेळा सतत बदलून, तर एपीसी जीनमुळे होणारा आतड्याचा कॅन्सर जास्त वेगाने वाढतो. एपीसी हा पेशींच्या वाढीला लावलेला ब्रेक, त्याची एक प्रत आधीच बिघडलेली असली तर घड्याळ बिघडल्यावर उरलेली चांगली प्रतही जास्त सहज जाते. माझं म्हणणं एवढंच की नाईट ड्युटी ही जोखीम म्हणून केसपेपरवर आलीच पाहिजे.

सुपारीबाग:
अबोलीताई, ताईंना बरं वाटो, पण मला हे पटत नाही. उंदराचा एपीसी आधीच मोडून ठेवलेला असतो, नर्सबाईंचा तसा नसतो. आणि घड्याळ बिघडलं की कॅन्सर वाढतोच असंही नाही, अझीझ सांजार (डीएनए दुरुस्तीच्या कामाबद्दल २०१५ चं नोबेल मिळालेले) यांच्याच लॅबने २००९ मध्ये दाखवलंय की पी५३ हा कॅन्सर रोखणारा जीन नसलेल्या उंदरांचे क्राय जीन्सही काढले तर कॅन्सर उलट उशिरा होतो. मग कुठला जीन धरायचा? माणसांचं बघा. अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात २००३ ला १५ किंवा जास्त वर्षं बदलत्या नाईट केलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका ३५ टक्के जास्त दिसला, हेच सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासाचं जास्त वर्षांचं विश्लेषण २०१८ ला आलं त्यात एकूण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी ठळक संबंध उरला नाही, फक्त गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढ दिसली. नाईट करणाऱ्यांचं वजन, अवेळी खाणं, चालणं-फिरणं बंद, हे सगळं वेगळं काढणं फार अवघड असतं. घाबरलेल्या बायका नोकरी सोडतील, ती चूल कोण पेटवणार?

वाळवण:
सुपारीबाग, नोकरी सोडा असं अबोलीताई कुठे म्हणाल्या? आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ ला आणि परत २०१९ ला रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' याच गटात ठेवलंय. लाल मांसही त्याच गटात आहे. मटण विचारताय तर नाईटही विचारा की.

सुपारीबाग:
तो गट पुराव्याचा जोर सांगतो, धोका किती मोठा ते नाही. माणसांतला पुरावा त्यांनीच मर्यादित म्हटलाय. तरी मटणाचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य.

रानजाई:
मला दोघांचं वाचून राग येतोय खरं सांगू का. माझे बाबा तिसऱ्या पाळीत ३० वर्षं, रक्त पडत होतं तर आठ महिने मूळव्याधीचं मलम चालू होतं, कुणी बोट घालून तपासलंसुद्धा नाही. जीन्सचं जे असेल ते असो, नाईट करणाऱ्या माणसाला पोटाचं काही झालं की तोही आणि डॉक्टरही म्हणतात जागरणाने होतंय. शौचाची सवय बदलली, रक्त दिसलं, हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं तर तपासणी झालीच पाहिजे.

अबोली७८:
रानजाई, तुमच्या बाबांचं वाचून गलबलून आलं. ताईलाही सहा महिने ॲसिडिटी म्हणूनच गोळ्या दिल्या होत्या. सुपारीबाग, क्रायचं मला माहीत नव्हतं, एकच जीन धरून बोलता येणार नाही हे मानते, पण गुदाशयाची वाढ १५ वर्षांच्या पुढे दिसली असेल तर २१ वर्षंवालीला तो एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. पुढच्या तपासणीला फाइलच्या पहिल्या पानावर मीच लिहून देणार आहे, नाईट ड्युटी २१ वर्षं.

सुपारीबाग:
लिहा. त्याखाली हिमोग्लोबिनचे जुने आकडेही तारखेसकट लिहा, डॉक्टर आधी ते बघतील.